गुरुजींच्या मिशा

"वाचा," दुधाळ बाई म्हणाल्या आणि त्यांनी वह्या तपासायचं लाल पेन बाजूला ठेवलं.

शाळांवरच्या माझ्या प्रबंधात त्यांना कुणी ओळखू नये, म्हणून मी त्यांची गोष्टच करून टाकली होती. डोंगरातली शाळा समुद्राकाठी नेली. बाईंचे गुरुजी केले. गुरुजींना भरघोस मिशा दिल्या. त्या मिशांवर मी दोन परिच्छेद खर्च केले होते, आणि ते मला स्वतःलाच इतके आवडत होते की मी ते जरा सावकाश वाचले. शेवटी, सरकारी चाचणीच्या दिवशी गुरुजी फळ्यावर उत्तरं लिहून देतात, तोही प्रसंग वाचला आणि ऐटीत संमतीचा कागद पुढे सरकवला.

बाईंनी सही केली नाही.

"उत्तरांचं हे गुरुजींनी तुम्हाला कधी सांगितलं? मुलाखतीचं रेकॉर्डिंग चालू असताना?"

"नाही," मी म्हणाले. "नंतर. चहा पिताना."

"मग छापू का, असं विचारलंत त्यांना?"

मी संमतीचा कागद परत माझ्याकडे ओढला. शेजारच्या वर्गातला बाराचा पाढा संपून तेराचा सुरू झाला.

"काय म्हणतील ते?" मी शेवटी विचारलं.

"नाहीच म्हणतील. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत त्यांच्या." बाईंनी लाल पेन उचललं आणि उत्तरांच्या त्या पानावर फुली मारली. "मिशा मात्र राहू द्या, मॅडम. शोभतात त्यांना."