नरडं

"अंगठ्यानं भोक झाका काका, श्वास सोडा आणि तोंडाला येईल ते बोला," बोलायला शिकवणाऱ्या योगिनी मॅडम चौथ्यांदा म्हणाल्या.

रंगरावांनी गळ्याच्या भोकावर अंगठा दाबला. फुस्स! सायकलच्या ट्यूबमधनं जावी तशी नुसती हवा गेली.

शेजारच्या स्टुलावर अंबूबाई जीव मुठीत धरून बसली होती. चिंचवडच्या ह्याच दवाखान्यात कॅन्सरपायी नवऱ्याचं स्वरयंत्र काढलं, त्याला तीन महिने झाले. आता आत एक बारकी झडप बसवली होती. तिच्यातून आवाज निघाला तर निघाला.

स्वरयंत्र! केवढं सोवळं नाव. त्यांच्या कुरुळी गावात गाताना गळा म्हणतात, दुखला की घसा, आणि भांडताना नरडं. अंबूबाईच्या तोंडी कायम तिसरंच. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं प्रेस मशीनवर काढलेला माणूस घरातही ओरडूनच बोलणार, आणि ती रोज म्हणणार, "नरडं मिटा आता!" मिटलं की! आपलंच बोलणं बाधलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तीन महिने घरातल्या प्रत्येक भांडणात ती एकटीच जिंकत होती आणि त्या जिंकण्याला काडीची चव नव्हती.

"आज नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात बघू," मॅडम म्हणाल्या.

अंबूबाईनं पदर तोंडाला लावला, तरी हुंदका फुटलाच.

रंगरावांनी तिच्याकडं पाहिलं. पुन्हा अंगठा दाबला. डोळे वटारले.

"न..." मध्येच दम संपला. त्यांनी श्वास घेतला. "...रडं."

घोगरा, जाडाभरडा, पण आवाज!

"बोलले!" मॅडम जागच्या उठल्याच. "काकू, 'न रडं' म्हणाले! रडू नका म्हणतायत तुम्हाला. तुमच्याकडं असंच म्हणतात ना?"

"कुठलं आलंय!" अंबूबाई रडता रडता हसली. "रडू नगं म्हणायचं उभ्या जन्मात सुचलं न्हाई ह्यांना. नरडं मिट म्हणत्यात मला!"

रंगरावांनी खुशीत मान डोलावली.

तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि स्टूल ओढून त्यांच्या पुढ्यातच बसली.

"न्हाई मिटत, जावा! काय करणार हायसा?"

रंगरावांचा अंगठा गळ्याकडं निघाला.