समोरची जागा

आमच्या या कॉलेजच्या गावातल्या वेल्श चर्चमध्ये गाण्याच्या रविवारी माणसं नात्यानं नाही, आवाजानं बसतात. खर्जातले पुरुष डावीकडे, उंच सुरातल्या बायका उजवीकडे, अगदी समोरासमोर. घशाच्या ऑपरेशनात म्हाताऱ्या एम्लिनचा आवाज गेला. म्हणून यंदा तो गुपचूप येऊन उजवीकडे आपल्या बायकोच्या, नेस्टच्या शेजारी बसला.

"इथे काय करतोयस? तुझी जागा तिकडे," नेस्ट म्हणाली.

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं.

"ते माहितीय रे मला. पण लग्नापासून तुझ्या तोंडाकडे बघून सूर उचलतेय मी. आता काय भिंतीकडे बघून गाऊ?"

एम्लिन उठला. पलीकडची बाकं कॉलेजच्या पोरांनी गच्च भरली होती. त्याची जागा तेवढी कुणी घेतली नव्हती.