तेवीस नंबरचा बिल्ला

“मंगळवारी अकरा पंचावन्न, बारा पाच, बारा दहा,” दीप्ती मॅडमनी लॅपटॉपची वायर रिलेच्या तोंडात खोचली. “तीनदा क्लोज दिला मी ठाण्याच्या कंट्रोल रूममधून आणि तीनदा तुमच्या ब्रेकरने नाही म्हटलं. चाळीस मिनिटं इथे डोंबिवलीत अर्धा वॉर्ड विजेविना. लॉजिकला कुणीतरी हात लावलाय, काका. आज नाव घेऊनच जाणार मी.”

सबस्टेशनचा ऑपरेटर गुणाजी पॅनेलशेजारी हात मागे बांधून उभा राहिला. निवृत्तीला तीन महिने. बत्तीस वर्षांत साधा मेमो नाही आणि आता जाता जाता निलंबन. बायकोला, शकूला काय तोंड दाखवायचं, या विचाराने मंगळवारपासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

कारण हात त्यानेच लावला होता.

पूर्वी सगळं सोपं होतं. लाइनवर चढणारा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला लाइन चालू करायच्या हँडलशेजारच्या हुकाला अडकवायचा. बिल्ला दिसला की हँडलला कुणी बोट लावायचं नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, मग साहेब का येईना. पुढे ब्रेकरला हुकूम देणारा हा नवा रिले आला आणि ठाण्यात बसलेली माणसं बटण दाबून इथला ब्रेकर लावू, म्हणजे लाइन चालू करू लागली. त्यांना हूक कुठून दिसणार? पोरं मात्र सवयीने बिल्ले अडकवतच राहिली. गुणाजीने दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं, काम करणाऱ्याने लाइन बंद ठेवण्याचं लेखी परमिट घ्यायची पद्धत आहे, तेवढी पुरे.

शेवटी एका रविवारी त्याने हुकामागे बारकासा स्विच बसवला, त्याची वायर रिलेच्या रिकाम्या इनपुटला जोडली आणि लॉजिकमध्ये एक अट वाढवली. हुकाला वजन असेल तर ब्रेकर लागणार नाही, बस. पासवर्ड काय, रिले बसवणाऱ्यांनी ड्रॉवरच्या आत चिकटवूनच ठेवला होता. म्हणजे बघा.

मंगळवारी त्याच अटीने घात केला. फीडर ट्रिप होऊन लाइन आपोआप बंद पडली तेव्हा गुणाजी मागच्या यार्डात ट्रान्सफॉर्मरचं तेल बघत होता. परतला तर फोन खणखणतोय आणि हुकाला तेवीस नंबर लटकतोय. तेवीस म्हणजे संदेश, टिटवाळ्याहून येणारा लाइनमन. परमिट तर कुणीच घेतलेलं नव्हतं. सकाळच्या कामाचा बिल्ला काढायला विसरला असणार, धांदरट कुठला. तरी गुणाजीचा हात बिल्ल्याकडे जाईना. त्याने यार्ड पालथं घातलं, चहाच्या टपरीवर पाहिलं, फोन लावले. संदेश उचलेना. चाळीस मिनिटांनी स्वारी घामाघूम होऊन आली, “विसरलो मामा” म्हणाली आणि बिल्ला काढून खिशात घातला. मग ब्रेकर लागला आणि टिकला.

बुधवारी याच संदेशने टिटवाळ्याच्या गणपतीचे पेढे वाटले. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. गुणाजी इतका चिडलेला की त्याने पेढ्याला हातसुद्धा लावला नाही. कागदात गुंडाळलेला तो पेढा अजून टेबलावर तसाच होता.

“सापडलं,” मॅडम म्हणाल्या. स्क्रीनवर एका चौकोनावर त्यांचं बोट होतं. “इनपुट सात. ड्रॉइंगमध्ये हे कुठेच नाही आणि वायर त्या हुकामागे जातेय. कुणी टाकलं?”

संदेश दारात उभा होता, मान खाली घालून. बिल्ल्याचं नाव काढलं की त्याचीही नोकरी जाणार, आणि घरी सहा महिन्यांची लेक. गुणाजीने ठरवलं, जायचंच तर एकट्याने जावं.

“मी टाकलं,” तो म्हणाला. “कुणाला न विचारता. वायर ढिली राहिली असेल, म्हणून अडलं. दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही.”

“बत्तीस वर्षं काम केलंत आणि हा पोरखेळ?” मॅडमच्या आवाजात रागापेक्षा वाईट वाटणंच जास्त होतं. “वर कळवावं लागेल मला. आधी हे काढून टाकते.” त्यांनी तो चौकोन निवडला.

“काढू नका मॅडम,” संदेश म्हणाला.

“तू गप बस रे,” गुणाजीने दटावलं.

“नाही मामा. वायर ढिली नव्हती.” संदेशने खिशातून बिल्ला काढून हुकाला अडकवला. स्क्रीनवरचा चौकोन लाल झाला. “हा लटकला की ब्रेकर लागत नाही, हे मला आज कळतंय. मंगळवारी मी काही विसरलो नव्हतो. नाल्यापलीकडे तारेत फांदी अडकलेली दिसली. लाइन बंदच आहे, पटकन काढू, कशाला परमिट, म्हणून बिल्ला अडकवून गेलेलो.”

“किती वाजता?” मॅडमनी विचारलं.

“अकरा पन्नासला चढलेलो, बारा वीसला उतरलो. दोन्ही हात तारेवरच होते, मॅडम.”