उरलेल्या गोळ्या

हिरड्या सुजल्या म्हणून दाताच्या डॉक्टरांनी सासूबाईंना पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. "यांनी नुसती सूज उतरेल. दातांच्या बुडाशी साचलेली घाण खरवडून घ्यायला मात्र यावंच लागेल," असं बजावलंही.

दोन दिवसांत सूज उतरली. सासूबाई म्हणाल्या, "आता खरवडायचं काय? दात आहेत का करपलेलं भांडं?" उरलेल्या नऊ गोळ्या टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं. शेजारच्या इवाओकाकांच्याही हिरड्या ठणकत होत्या, म्हणून चहाच्या रिकाम्या डब्यात घालून त्यांनी त्या काकांना नेऊन दिल्या.

जपानातल्या आमच्या कानाझावात डबा रिकामा परत येत नाही. तीन महिन्यांनी काकांनी तो घरी मुरवलेल्या मुळ्याने गच्च भरून पाठवला. सासूबाई खूश. "डॉक्टरकडे गेले असते तर हे मिळालं असतं का?" म्हणत त्यांनी एक जाड फोड दाताखाली धरली. झाकणाला चिकटवलेली चिठ्ठी मी वाचून दाखवली.

"चिझुयोबाई, गोळ्या फार गुणकारी. सूज दोन दिवसांत गेली. आता पुढचे दातही गेलेत, तेव्हा हा मुळा तुम्हीच खा."