समोरची वाक्यं

कपात चमचा किणकिणला. “चल, पुन्हा वरून घेऊ,” बाबा म्हणाले. नाटकांत, सिनेमांत त्यांनी न्यायाधीशापासून भिकाऱ्यापर्यंत दोनशे माणसं उभी केली. घरच्या तालमीत समोरची वाक्यं कायम माझी. आठव्या वर्षापासून मी त्यांची बायको झाले, वैरी झाले, एकदा तर सासूसुद्धा. मुलगी व्हायचं तेवढं राहिलं. बाबा सदा दौऱ्यावर. नव्या मालिकेत ते लेकीची माफी मागणारे डॉक्टर आहेत. माझ्या मांडीवरच्या संहितेवर नुकतीच वाचायला शिकलेली माझी छकुली बोट फिरवत होती. “तू तापाने फणफणलेलीस आणि मी तोंडाला रंग फासून लोकांना हसवत होतो. चुकलं माझं, पोरी,” बाबा म्हणाले. मी उत्तराची ओळ शोधू लागले, सापडेना. छकुलीने मान वर केली. “आई, इथे असं लिहिलंच नाहीये. मग आजोबा कुणाची माफी मागतायत?”