मशीनवरचं शून्य

शंभरच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं, अशी रोनकची तक्रार होती, आणि ती खरी निघाली.

रोनक जळगावचा व्यापारी. नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन तो मुद्दाम धुळ्याला नवलभाऊंच्या गॅरेजात आला, कारण त्याचे आजोबा पन्नालालजी दुसऱ्या कोणाचं नाव ऐकायला तयार नव्हते. आजोबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना याच गाडीतून नाशिकहून घरी आणायचं होतं.

नवलभाऊंनी गाडी सोनगीरपर्यंत पळवली. स्टिअरिंग गच्च धरलं, डोळे बारीक केले आणि सांगून टाकलं, पुढचं उजवं चाक. चाक काढलं तर रिमच्या आत काळ्या मातीचा वाळलेला गोळा घट्ट बसलेला. इंजिनाचा आवाज नसला की एवढीशी थरथरही उघडी पडते. माती खरवडून झाली, त्यांच्या मुलीने, सारिकाने, चाक बॅलन्सिंग मशीनवर चढवलं. वजनाची चिमुकली पट्टी नवलभाऊंच्या हातून दोनदा खाली पडली. हाताला ग्रीस लागलंय असं म्हणत त्यांनी ती सारिकाला दिली. तिने पट्टी चिकटवली आणि मशीनने शून्य दाखवलं, म्हणजे चाकात दोष उरला नव्हता.

पण नवलभाऊंचा हात फिरल्याशिवाय गॅरेजातून गाडी जात नसे. ते पुन्हा चक्कर मारून आले, ते तोंड पाडूनच.

"थरथर आखो शे," ते म्हणाले. त्यांच्या मते ती अजून गेलीच नव्हती.

मग सारिका चालवून आली. तिला काही जाणवलं नाही. रोनक चालवून आला आणि म्हणाला, भाऊ, गाडी लोण्यासारखी झाली. व्यापाऱ्याच्या जिभेवर साखर असायचीच, असं म्हणून नवलभाऊंनी ते मनावर घेतलं नाही. गाडी ठेवून जा, म्हणाले.

मशीन आलं होतं सारिकाच्या हट्टाने. तेव्हापासून बापलेकीत हात खरा की मशीन खरं यावर रोज खडाजंगी व्हायची. दोघांनाही त्यात मजा वाटायची. या वेळी मात्र नवलभाऊ ईर्षेला पेटले.

"मना हात आजपावत खोटं बोलना नही," ते म्हणाले. "मशीन खरं ठरनं, ते गॅरेजनी किल्ली तुनी. मी घर बससू."

बोलले ते हसत हसत. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. अख्खं धुळं त्यांना हातावरून ओळखत होतं. हात खोटा ठरला तर घरी बसणारा माणूस कोण असेल, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढची चाकं मागे लावली, मागची पुढे. आता थरथर साठलाच लागू लागली. ॲक्सल खोलून बघितला, तो ठणठणीत. पुढच्या फेरीत पांझरा नदीच्या पुलावर, गाडी जेमतेम तीसने चाललेली असताना, त्यांना ती स्पष्ट जाणवली. शेजारी बसलेल्या सारिकाने कंप मोजायला फोन डॅशबोर्डवर चिकटवला होता. त्यावरची रेघ सरळच्या सरळ जात होती. तुझा फोन झोपला आहे, असं नवलभाऊ म्हणाले.

खरं तर त्यांना बरं वाटत होतं. वाढणारा दोष कधी ना कधी सापडतोच. शंभरवरून साठ, साठवरून तीस, म्हणजे मोटरचं बेअरिंग जात आहे, असा त्यांनी हिशोब बांधला.

या गाडीचं एकच त्यांना खटकायचं. किल्ली आत असताना ब्रेक दाबला की ती सुरू व्हायची, पण सुरू आहे की बंद, हे कानाला कळायचं नाही. दिवसातून दहादा ते सारिकाला विचारायचे आणि ती दहादा हसायची.

त्या संध्याकाळी सारिकानेच गाडी गॅरेजच्या अंगणात लावली आणि ती देवपूरला आपल्या सासरी गेली.

सकाळी कमलबाईंनी नवऱ्याला अर्धाच कप चहा दिला. हल्ली त्या रोज अर्धाच देत. नवलभाऊ कुरकुरले, घरात दूध आटलं का? कमलबाई त्यांच्या शर्टाची बटणं लावत राहिल्या. काजं आवळली आहेत, असं नवलभाऊंनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं, तेव्हापासून ते काम कमलबाईंकडेच होतं.

रोनक गाडी न्यायला येणार होता. नवलभाऊ सगळ्यांच्या आधी गॅरेजात पोचले. अंगणाच्या गेटला कुलूप असायचं, म्हणून आतल्या गाड्या उघड्याच असत आणि किल्ल्याही बहुधा गाडीतच. ते आत बसले. समोरच्या पडद्यावर ऊन पडलं होतं, त्यात काही दिसत नव्हतं. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

थरथर होती. उभ्या गाडीत होती.

नवलभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. मोटरच होती तर. त्यांचा हात खरा होता, मशीन खोटं होतं, आणि गॅरेजची किल्ली आणखी काही वर्षं त्यांच्याच खिशात राहणार होती.

सारिकाची स्कूटर गेटातून आत आली. त्यांनी तिला हाक मारून शेजारी बसवलं.

"आठे हात ठेव," ते म्हणाले. "उभ्या गाडीमा बी लागस."

सारिकाने त्यांच्या हाताशेजारी स्टिअरिंगवर तळवा टेकवला. निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे ते तिच्या तोंडाकडे बघत होते. मग तिने आपला तळवा स्टिअरिंगवरून उचलला, त्यांच्या हातावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. दुसऱ्या हाताने तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "किल्ली मनाजोडे शे. गाडी बंद शे."