मजला एकच

गुडगावचं घर माझ्या सिद्धांतने ठेवायचं आणि त्याच्या बहिणीला, उन्नतीला, वाट्याचे पैसे द्यायचे, असं ठरलं. किंमत त्याने मोबाइलवर घरांचे भाव सांगणारी साइट उघडून काढली. “बिल्कुल करेक्ट आहे, आई. कॉम्प्युटर कुणाची बाजू घेत नाही.” मी शाळा फार शिकले नाही, पण शेजारचं पडकं घर याहून महाग गेलेलं मला ठाऊक होतं. मोबाइल सिद्धांतच्याच लेकीच्या हातात दिला. “बघ गं, त्या मेल्या कॉम्प्युटरला आपलं घर कुणी दाखवलं?” “आजी, माहिती पप्पांनीच भरलीय,” ती म्हणाली. “खोल्या दोन, मजला एकच.” वरचा अख्खा मजला मी स्वतः विटांवर पाणी मारून याच पोराच्या लग्नासाठी चढवला होता. सिद्धांत झोपायला जिन्याकडे निघाला. म्हटलं, “वर कुठे चाललास? वर तर काहीच नाही. सतरंजी घे, इथेच झोप.”